पाण्यातले खांदेकरी

चौकी, १९ सप्टेंबर

ती. योगिताताईस,
रूपेशचा सा. न. वि. वि.

कान्हाला आणलं त्या दिवशी खोडाळ्याचा सगळा बाजार बंद होता, असं तू फोनवर म्हणालीस. मला रजा मिळाली नाही. लहानपणापासून ज्याच्या घरी जेवलो, त्याला आपल्या गावात खांदा देता आला नाही, याचं फार वाईट वाटतं. पण आपला पोरगा परत कसा आला हे माघीकाकीला कळायला हवं, आणि ते सांगणारा मीच आहे. फोनच्या रांगेत उभं राहून हे बोलणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र तिला वाचून दाखव. काही गाळू नकोस. बाबांना माझे मार्क वाचून दाखवायचीस तेव्हापासून तुला गाळायची सवय आहे.

आमच्या आणि सीमेपलीकडच्या त्यांच्या चौकीच्या मधून एक नाला वाहतो. पाणी आणताना कान्हाचा पाय सटकला. वाघ नदीच्या पुरात उडी टाकणारा गडी तो, पण हे बर्फाचं पाणी, अंग आखडून टाकतं. तो वाहत गेला आणि त्यांच्या काठाला दगडांत अडकला. आम्हाला इथून दिसत होता, पण हालचाल थांबली होती. मी मेजरसाहेबांना म्हटलं, बंदूक इथे ठेवतो आणि जातो. ते थांब म्हणाले. मी थांबणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं, कारण लगेच त्यांनी पांढरं फडकं वर करायला लावलं. बऱ्याच वेळाने पलीकडेही तसंच फडकं दिसलं.

त्यांचे दोघे पाण्यात उतरले. एक पिकल्या दाढीचा हवालदार, दुसरा नुकती मिसरूड फुटलेला शिपाई. त्यांनी कान्हाला सोडवलं आणि आपल्या चादरीत गुंडाळलं. प्रवाहात स्ट्रेचर टिकेना, तेव्हा खांद्यावर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून आमच्या दिशेने निघाले. मी आणि एक सातारकर मध्यापर्यंत गेलो. तिथे खांदा बदलला, आपल्याकडे विसाव्याला बदलतात तसा. हवालदाराने कान्हाच्या पायावरची चादर सारखी केली आणि ते दोघे माघारी गेले.

काकीला म्हणावं, पोराला कोणी फरपटवलं नाही.

लोभ आहेच, तो रोडावू देऊ नये.
तुझा,
रूपेश

खोडाळा, ४ ऑक्टोबर

चि. रूपेश यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र काकीला वाचून दाखवलं. एकच ओळ गाळली, माझ्या सवयीची. ती फार रडली, पण त्या दिवसापासून चार घास खायला लागली होती. 'होती' असं का लिहिलं ते पुढे सांगते.

काल कान्हाचा दिवस घातला. आपल्या रीतीप्रमाणे खांदेकऱ्यांना ओळीने बसवलं, फागू भगताने त्यांच्या खांद्यांना खुरासणीचं तेल चोळून ओझं उतरवलं. शेवटचा उठला तशी काकी म्हणाली का अजून दोघं राहिलं. फागूबाबाला वाटलं, ती तुझं आणि त्या सातारकराचं म्हणते. तुमचं तुम्ही तिथे एकमेकांना चोळून घ्या, असं त्याने सांगितलं. (तेवढं करच.) तर काकी म्हणाली का पहिला खांदा पाण्यातल्या दोघांनी दिला, त्यांचं कोण उतरवणार.

मग मांडवात जी बोलाबोली झाली ती विचारू नकोस. येसू सरपंच म्हणाला, दुश्मनाचे खांदे कोणी उतरवतं का. काकी त्याच्याकडे न बघताच म्हणाली का वजन माझ्या पोराचं होतं. ते त्यांच्या खांद्यावर राहिलं तर पोरगा वाटेतच राहिला, त्या पाण्यात. त्या दोघांचे खांदे उतरेपर्यंत ती नवा तांदूळ तोंडात घालणार नाही. तिचा हळवा भात तर कापणीला आलाय.

रूपेश, हे हसण्यावारी नेऊ नकोस. तुमच्या पलटणीतल्या जव्हारच्या तुषारची रजा संपली, त्याच्या हाती तेलाची बाटली दिली आहे. तुझ्यासाठी मोखाड्याहून एक स्थळ आलंय, पण ते नंतर. मुलगी थांबेल, काकी थांबायची नाही.

कळावे, प्रकृतीस जपावे.
तुझी,
ताई

चौकी, २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाटली मिळाली. सातारकराचे खांदे मी चोळले, माझे त्याने. आमच्या सुभेदारांना बाकीचं सांगितलं तर ते आधी हसले आणि मग चिडले. मेजरसाहेब चिडले नाहीत, पण स्पष्ट म्हणाले की पलीकडे काही द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही.

शिवाय गेल्या आठवड्यापासून इथे पुन्हा गोळीबार सुरू आहे. ज्यांच्यावर गोळी झाडायची त्यांचे खांदे कसे चोळायचे, ते तूच सांग. काकीला समजाव. देवापुढे दोन दगड मांडून त्यांना तेल लावलं तर चालेल का, हे फागूबाबाला विचार.

सर्वांना नमस्कार. माझ्यावर रागावू नये.
रूपेश

खोडाळा, २ नोव्हेंबर

चि. रूपेश यास,
अ. उ. आ.

विचारलं. फागूबाबा चालेल म्हणाला. काकी म्हणाली का दगडानं खांदा दिला असता तर दगडाला लावलं असतं.

तिचा भात झोडून कणगीत पडलाय. ती गेल्या सालची नागली दळून भाकरी करते, मीठ लावून खाते आणि कामाला जाते. रडत नाही, भांडत नाही. सरपंच समजवायला गेला तर त्यालाच नवा तांदूळ रांधून वाढला आणि आपण भाकरी घेऊन बसली. त्या दिवसापासून तो तिकडे फिरकला नाही. माझ्या अंगणवाडीच्या मदतनीसबाईने तर तिच्यासोबत नवं खायचं सोडलंय. आता मीही सोडलं.

तू पाण्यात उतरायला कोणाला विचारलं नव्हतंस. आता एका नकाराने बसलास? पुन्हा विचार.

लोभ आहे, पण धाक धरावा.
ताई

चौकी, २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा विचारलं. मेजरसाहेबांनी हाकललं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्यांनी विचारलं की ही बाई आहे तरी कोण. मी त्यांना तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली.

गोळीबार थांबवायला दोन्हीकडचे साहेब नाल्यावर बरंच खाली असलेल्या पुलावर भेटणार होते. आमच्या साहेबांनी निरोप धाडला, पाण्यात उतरलेल्या दोघांना घेऊन या. मला बजावलं, वस्तू कुठलीही न्यायची नाही. म्हणून निघताना मी दोन्ही तळव्यांना भरपूर तेल लावलं आणि वरून हातमोजे चढवले. पुलावर हातमोजे काढले तेव्हा साहेब डोंगराकडे बघत होते.

हवालदार एकटाच आला होता. भिवंडीला बांधकामावर शिकलेल्या माझ्या हिंदीत मी त्याला सगळं सांगितलं. आई आहे, तिच्या पोराचं ओझं तुमच्या खांद्यावर राहिलंय म्हणते, आणि त्यापायी नवा भात खात नाही. त्याने कोटाची बटणं काढली आणि उजवा खांदा पुढे केला. मी चोळला. थंडीने त्याच्या अंगावर काटा आला होता. मग मी दुसऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, ऑक्टोबरमध्ये गेला. कसा, ते मी विचारलं नाही. त्याने आपणहून डावा खांदा उघडा केला आणि म्हणाला, हा त्याचा समजा.

ताई, ऑक्टोबरमध्ये मीही गोळ्या झाडल्या. कोणाची कोणाला लागली हे इथे कधीच कळत नाही. हे काकीला सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण सांग. गाळू नकोस.

ती जेवली का, तेवढं कळव.
रूपेश

खोडाळा, ९ डिसेंबर

चि. रूपेश यास,
अ. उ. आ.

सगळं वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. काकी ऐकून उठली, कणगीतून तांदूळ काढले आणि चूल पेटवली. एक पान कान्हाचं ठेवलं, शेजारी त्या पोराचं. नाव माहीत नाही म्हणून नुसतंच हात जोडले. मग आम्ही तिघी जेवलो. तुला निरोप आहे, का पोटभर जेवत जा.

भांडी घासताना तिने मला विचारलं, का त्या पोराच्या आईपाशी असं पत्र वाचून दाखवणारं कोणी आहे का. तुझी हवालदाराशी पुन्हा कधी गाठ पडली तर त्याला विचार, आणि नाही म्हणाला तर त्यालाच तिच्याकडे जायला सांग.

तुझीच,
ताई