धान भरडायला आलेला माणूस

बाबा, उद्या चंद्रपूरला तारीख आहे. आपल्या मशीनवरच्या भाऊनं मिलवर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. तुमच्या मिलवर. तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं ती मी चालवते. पोळ्याच्या आधी भाऊचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. मूल गावच्या दवाखान्यातून त्याला चंद्रपूरला नेलं, तिथे कोपराच्या वरून हात काढला. उद्या मला शपथेवर सांगायचं आहे की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हता. लेखी जबाब गेल्या तारखेलाच दिला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. वकिलांनी घातलेलं वाक्य असं: अर्जदार हा स्वतःचे धान भरडण्यासाठी मिलमध्ये आला होता. ज्याच्याकडे एक बांधी जमीन नाही, त्याचं धान. मी वकिलांना हे म्हटलं. ते म्हणाले, बटाईचं असेल, सरवा वेचलेला असेल, एवढं कोण विचारतं.

तो सव्वीस वर्षं मशीनवर होता हे तुम्हाला सांगायला नको. मी शाळेत असताना कोंड्याच्या ढिगाशेजारी बसून त्याला सही शिकवली होती. त्यानं ती महिनाभर जमिनीवर काडीनं गिरवली. पण आपल्या मिलमध्ये ती करायला जागाच नव्हती. त्याचं नाव हजेरीत नव्हतं. पगारपत्रकात नव्हतं. आता वकील म्हणतात, तेच आपल्या बाजूचं आहे.

मला एक दिवस सारखा आठवतो. मी नागपूरहून सुट्टीत आले आहे. लेबर इन्स्पेक्टर येणार असा निरोप सकाळीच आलेला आहे. दहा माणसं दिसली की कारखान्याचा कायदा लागतो, एवढं मला तेव्हाही ठाऊक आहे. तुम्ही सहाजणांना आत ठेवता आणि बाकीच्यांना मागच्या बोडीवर पाठवता. ते तळ्याच्या पाळीवर बसून विड्या ओढताहेत, सुट्टी मिळाल्यासारखे हसताहेत. भाऊ मला बघून म्हणतो, "आज आमी पाहुने आहो, बाई. जेवन सांगा." साहेब चहा पितात, सहा लिहितात, जातात.

त्या दिवशी भाऊ आपल्या स्वयंपाकघरात, तुमच्या शेजारच्या पाटावर जेवत होता. नेहमीच जेवायचा. दुसरे मिलवाले गड्याला पडवीत वाढत, तुम्ही वाढू दिलं नाही. आई भात वाढत होती. मी म्हणाले, निदान भाऊचं नाव तरी हजेरीत लिहा. तुम्ही घास खाली ठेवला. "घरच्या मानसाचं नाव कोनी हजेरीत लिहिते का?" भाऊ मान हलवून हसला. मी म्हणाले, उद्या काही झालं तर. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "तू काय त्याले नौकर म्हनून राह्यली?" आणि ताटावरून उठलात. मला लाज वाटली. आपण भरल्या पंगतीत काहीतरी घाण बोललो, असं वाटलं. पुढे मिल माझ्या हाती आली. हजेरीची वही मीच आणायचे, मीच भरायचे. त्याचं नाव मीही घातलं नाही. तुमच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मला ते सोयीचं होतं.

पट्टा घसरायला लागला की चालत्या पट्ट्याला हातानं राळ लावायची, मोटर बंद करायची नाही, हे तुम्ही त्याला शिकवलंत. पण पट्ट्यावरची जाळी मी काढायला लावली होती. ती एका कोपऱ्यात घासायची, आवाज यायचा. दुरुस्त करून बसवू म्हटलं आणि ती महिनाभर भिंतीला टेकून उभी राहिली. मी रोज तिच्याजवळून ऑफिसात जात होते. हे जबाबात नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात फॉर्म भरताना नात्याचा रकाना आला. मी लिहिलं, घरचे. तेव्हा मी खोटं लिहीत नव्हते. वकिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, उत्तम, नोकराला कोणी घरचा लिहीत नाही.

हजेरी नाही म्हणून विमा नाही. मिल बँकेकडे गहाण आहे. निकाल विरुद्ध गेला तर ती विकावी लागेल. तिच्यावर अकरा घरं जगतात. हे मी दिवसातून कितीदा तरी म्हणते. अकरा घरं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटतं. मग बारावं आपण मोजलंच नाही, हे लक्षात येतं.

आज दुपारी भाऊ आला. मागच्या दारानं, सरळ स्वयंपाकघरात. सदऱ्याची बाही दुमडून पिन लावलेली. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "कपात नोको, बाई, गिलासात द्या. कप धरता येत नाई. डाव्याले अजून शिकवून राह्यलो." मग सांगू लागला, युनियनचा साहेब घरी आला, पोरांच्या मायनं म्हटलं दे, म्हणून अर्जावर अंगठा देल्ला. जशी त्याचीच चूक झाली होती. मग त्यानं विचारलं, "उद्या तुमी काय सांगता?"

मी जबाबाची प्रत आणली आणि त्याला वाचून दाखवली. ते वाक्यही वाचलं. तो ऐकत होता. मग हसला.

"कोन्या बांधीतलं धान होतं, बाई?"

मी जबाबाची घडी घातली. त्यानं डाव्या हातानं ग्लास जवळ ओढला. मग म्हणाला, "मंग मी बी तसंच सांगतो. नाई तं तुमी खोट्या पडाल. मालकाची पोरगी कोर्टात खोटी पडली, असं लोकायनं म्हनू नाई."

मला काय म्हणायला हवं होतं ते ठाऊक आहे. खरं तेच सांगा, भाऊ. चार शब्द. त्यानं चहा संपवेपर्यंत वेळ होता, आणि डाव्या हातानं त्याला फार वेळ लागतो. मी म्हणाले, "सातची एस्टी आहे. सोबतच जाऊ." तो "बरं" म्हणाला, ग्लास स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुम्ही असता तरी मी ते दिलं नसतं. भाऊ फाटकाबाहेर पडला, बाबा, आणि मला भूक लागली. पोळ्याआधीपासून अन्न घशाखाली उतरत नव्हतं. आज मी पोटभर जेवले.