अकरा नंबरचा उमेदवार

२८ सप्टेंबर १९९७, रविवार

ढग. पुन्हा ढग! या वर्षी आभाळाने आमच्याशी उभा दावा मांडलाय. जूनमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये बर्फ, डोंगराचा रस्ता दोनदा खचला. आता सप्टेंबरात आमच्या दक्षिणेकडचा वसंत लागला तरी समुद्राकडून ही राखाडी घाण वर चढतेच आहे. खाली ला सेरेना शहरात लोक खूश — वाळवंट फुललंय, गाड्या भरभरून फुलं बघायला चाललेत. आम्ही वर वेधशाळेत बसून दुर्बिणीच्या बंद घुमटाकडे बघतोय.

वर्षभर अर्ज करून तीन रात्री मिळाल्या. त्यातली पहिली गेली.

व्लादिमिर दुर्बीण चालवतो, पंधरा वर्षं आम्ही एकत्र जागतोय. म्हणाला, "बॉस, मेंढ्या मोजा, झोप येईल." म्हटलं, मेंढ्याही ढगातच हरवल्यात.

३० सप्टेंबर

दीड रात्र मिळाली. हवे होते त्यातले निम्मे फोटो झाले. निम्मे तर निम्मे. अमावास्येचा काळोख काही आपल्यासाठी थांबत नाही.

गुडघा दुखतोय. पायऱ्या उतरताना जास्त.

३ ऑक्टोबर, ला सेरेना

आईशी बोलले. ती गावातल्या दुकानात जाते, तिथल्या फोनवरून बोलते, आणि अख्खं दुकान ऐकतं. विचारते, "तू वर नक्की करतेस काय, ते एकदा नीट सांग. शेजारीण विचारत होती."

तर सांगितलं, बहुधा विसाव्यांदा. आभाळाच्या काही तुकड्यांचे आज फोटो काढायचे. तीन आठवड्यांनी त्याच तुकड्यांचे पुन्हा काढायचे. नव्यातून जुनं वजा करायचं. एखादा लांबचा तारा मधल्या काळात फुटला असेल तर तेवढा एक ठिपका मागे उरतो. तो ठिपका हवाईच्या त्याहून मोठ्या दुर्बिणीला कळवायचा. तिथे रॉस त्याचा प्रकाश फोडून बघतो आणि सांगतो, खरंच तारा फुटलाय की उगाच काहीतरी. घाई करावी लागते, तारा विझत जातो.

"म्हणजे तू मयताची खबर देणार, आणि खरंच मेलाय का ते तो गोरा सांगणार."

"हो, आई."

"आमच्याकडे हे काम पाद्री एकटा करतो."

दुकानात हशा. मीही हसले. मग फोन ठेवून तशीच सोफ्यावर आडवी झाले, बूट घालूनच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भूकंप. मोठा. मी ठीक. गावाकडे फोन लागत नाही. लागतच नाही!

१५ ऑक्टोबर

रेडिओ पुनिताकीचं नाव घेतोय, निम्मं गाव पडलंय म्हणे. आईचं गाव तिथून वर डोंगरात, मेंढ्याबकऱ्यांच्या वाटेवर. पुनिताकीची ही गत तर तिथे काय?

दुपारी निवाल्दोचा फोन आला, डोंगराखालच्या ओवाय्ये शहरातून. धाकटा भाऊ आहे, पण फोनवर तो नेहमी मोठा असतो.

"घर पडलं."

"आई?"

"आई ठीक आहे. मागच्या पत्र्याखाली पाव भाजत होती. पुढच्या दोन्ही खोल्या खाली."

"लागलं नाही ना तिला?"

"नाही म्हणतोय ना! पाव करपला म्हणून शिव्या घालत होती. तू येतेस की ताऱ्यांना विचारून सांगतेस?"

व्लादिमिरचाही निरोप आहे. दुर्बिणीचा आरसा शाबूत, कॅमेरा तपासताहेत. "आरसा ठीक आहे, बॉस. तुमचं काय?"

माझं काय. बॅग भरतेय.

१८ ऑक्टोबर, आईकडे

तंबू. सरकारी, निळा. आत आई, मी आणि बकरीची तीन पिल्लं, कारण गोठ्याची भिंतही गेली. निवाल्दो पिकअपमध्ये झोपतो.

घर बघवत नाही. कच्च्या विटा पुन्हा माती झाल्यात — नुसता ढीग, त्यातून पलंगाची लोखंडी कड वर आलेली. बाबांनी स्वतः थापलेल्या विटा. आई रडली नाही. ढिगावर उभी राहून हुकूम सोडत होती. "तिकडे खण. चहाची किटली तिकडे होती." निवाल्दो खणतो, मी पाट्या वाहते. जमीन मधूनच थरथरते. आम्ही थांबतो, मग पुन्हा खणतो.

रात्री फार गार पडतं. आई खोकते. म्हटलं, माझ्याकडे चल, शहरात, निदान घर उभं राहीपर्यंत. म्हणाली, "आणि बकऱ्या तुझ्या लिफ्टने येणार?"

माझ्या इमारतीला लिफ्ट नाही हेसुद्धा सांगावंसं वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर

उद्या वर निघायला हवं. कॅमेरा बसवलाय, दुर्बीण चालू आहे. या अमावास्येआधी नवे फोटो झाले नाहीत तर सप्टेंबरचे फोटो रद्दीत. वर्ष रद्दीत. रॉसला हवाईत महिनाअखेरच्या तीन रात्री मिळाल्यात, त्या पुन्हा कोण देणार?

हे सगळं निवाल्दोला सांगितलं. तो फावडं मातीत रोवून ऐकत होता.

"झालं सांगून?"

"झालं."

"इथे जे फुटलंय ते दिसायला दुर्बीण लागत नाही, मिरेया."

मी पुढची पाटी उचलली. आईने चीजचा गोळा फडक्यात बांधून दिला. "जा. इथे राहून तू पाट्या तरी कुठे नीट वाहतेस."

२५ ऑक्टोबर, डोंगरावर

दोन्ही रात्री निरभ्र! आभाळ असं, जणू काही झालंच नाही.

पण भूकंपात कॅमेरा केसभर फिरला होता. बसवताना तो केस राहिलाच. जुना फोटो नव्यावर चपखल बसत नाही, म्हणून वजाबाकी केली की प्रत्येक ताऱ्याच्या कडेला एक चंद्रकोर उरते. हजारो कोरी. त्यातून खरा ठिपका शोधायचा. कालपासून पडद्यासमोर आहे. डोळे मिटले तरी कोरी दिसतात.

जेवणात पुन्हा मसूर. दोन घास खाल्ले.

२६ ऑक्टोबर

उमेदवार निवडून झाले. फुटलेला तारा असेल अशा संशयित ठिपक्यांना आम्ही उमेदवारच म्हणतो. खाली शहरात डिसेंबरच्या निवडणुकीचे उमेदवार भिंतींवर चिकटलेत, वर आमचे. दोन्हीकडे खोटेच जास्त.

सव्वीस होते. गाळून गाळून अकरा राहिले. दुपारी रॉसशी फोनवर बसले. भला माणूस आहे, दोन वर्षं ला सेरेनात राहून गेलाय, पण यादी म्हटली की कसायासारखा चालतो. पहिले सात ठीक म्हणाला. आठ, नऊ, दहा — बघू. आणि माझा अकरा नंबर त्याने बघितल्या बघितल्या उडवला.

"हा कचरा आहे, मिरेया. दीर्घिकेच्या मध्यावरच बसलाय. कॅमेरा हलल्याचा डाग."

"डाग असता तर दोन्ही रात्री कोर दिसली असती. हा गोल आहे. दोन्ही रात्री."

"फारच फिका आहे."

"फिका आहे कारण लांब आहे!"

"तू थकलीयस."

"थकलेय. आंधळी झाले नाही."

मग म्हणाला, "ठीक. पण तुला माहीत आहे, दुर्बिणीवर काय होतं. प्रत्येक जण आपल्या आवडीचा पुढे सारतो. तिन्ही रात्री तू फोनवर राहा आणि भांड. तू नसलीस तर हा शेवटचा, आणि शेवटच्यापर्यंत आम्ही कधीच पोचत नाही."

राहीन म्हटलं. भांडेन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या याद्या जुळवत आले, एकदा स्वतःच्या ठिपक्यासाठी भांडेन.

खरंच तो गोल आहे. छापून भिंतीला लावलाय. मोहरीएवढा.

२८ ऑक्टोबर, सकाळ

निवाल्दोचा फोन. आईला ताप, श्वास लागतोय. तंबूतून पिकअपमध्ये घालून ओवाय्येच्या इस्पितळात आणलंय. न्युमोनिया.

या वेळी टोमणा नाही. "ये," एवढंच म्हणाला.

रॉसला दोन ओळी पाठवल्या. आई आजारी आहे, मी फोनवर नसेन, अकरा नंबरचं तुझ्या मर्जीवर. दुसरी ओळ दोनदा पुसून लिहिली. पाठवली.

व्लादिमिरने गाडीपर्यंत बॅग आणली. गाडीची काच पुसून दिली.

२९ ऑक्टोबर, ओवाय्ये

आईच्या नाकात नळी. किती लहान दिसते! गावात, ढिगावर उभी असताना एवढी मोठी वाटत होती.

"तुझं काम झालं?"

"झालं."

"खोटारडी."

मग झोपली. निवाल्दोने बाहेरून खिमा भरलेली एम्पानाडा आणली, अर्धी मला दिली, मोठा भाग. बाकावर बसून खाल्ली. तो म्हणाला, "त्या दिवशी मी जास्त बोललो." मी म्हटलं, "नाही, बरोबर बोललास." त्याच्या नखांत अजून घराची माती आहे.

३१ ऑक्टोबर

आज हवाईची शेवटची रात्र. इस्पितळाच्या दारात पैसे टाकायचा फोन आहे. त्याच्यावरून दिवसभरात कितीदा तरी गेले. उचलला नाही. कोणत्या तोंडाने भांडणार — एक कान खोलीकडे ठेवून?

ताप उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंबूत परत पाठवलं तर माझ्याशी गाठ आहे.

१ नोव्हेंबर, ला सेरेना

आईला घरी आणलं. माझ्या घरी. निवाल्दोने तिला तीन जिने पाठुंगळी चढवलं. ती सगळ्या वाटेत त्याच्या कानात ओरडत होती, "मी पोतं आहे का?" त्याला बकऱ्या बघायच्या होत्या, तसाच परत गेला.

आई बोलत नाही. खिडकीशी बसते. पलंग मऊ, पाणी क्लोरीनचं, पाव म्हणजे कापूस! हे सगळं न बोलता सांगते.

रॉसचं काहीही नाही. म्हणजे नाहीच.

झोप येत नाही. इतकं थकून झोप येत नाही, हा कुठला न्याय?

३ नोव्हेंबर

दुपारी पुन्हा हादरा. चांगला जोरात. कपाटातल्या बश्या फुटल्या. शेजारी धडाधड जिने उतरले. मी आईला उठवायला गेले तर ती खुर्ची सोडेना. "तीन जिने? माझ्या पायांनी? तू जा." मी गेले नाही. तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, तिचा हात धरून. हळूहळू थांबलं.

आई म्हणाली, "भिंतीला तो कसला कागद लावलायस? रोज त्याच्याकडे बघतेस."

मी तो डोंगरावरून बॅगेत टाकून आणला होता. सांगितलं. अकरा नंबर, फिका, लांबचा, मला खात्री होती, हवाईत तपासायचा होता, आता राहिला. महिन्याभरात विझेल, मग कुणालाच कळणार नाही तो काय होता.

"का राहिला?"

"मी फोनवर नव्हते म्हणून."

"कुठे होतीस?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. नुसतं ऐकायचं होतं.

"तुझ्यापाशी."

"म्हणजे माझ्यामुळे."

नाही म्हणायला हवं होतं. कुठलीही मुलगी नाही म्हणाली असती. माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं. "हो," म्हटलं.

तिने हात सोडवून घेतला. उठली, भिंतीला धरून आत गेली. मी फुटक्या बश्या गोळा केल्या. संध्याकाळी तिला चहा नेऊन दिला, तिने घेतला, बघितलं नाही. आता मी आडवी होतेय. काय बोलून बसले मी! काय बोलून बसले.

४ नोव्हेंबर

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. अंगावर दोन ब्लँकेटं, पडदे ओढलेले. फोन स्वयंपाकघरात, दार लावून, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. आई भोपळा चिरत होती.

"तुझ्या गोऱ्याचा फोन होता. बोलतो असा, की दगड चावतोय. तीनदा म्हणायला लावलं. शेवटच्या रात्री तास उरला म्हणून बघितला. तुझा अकरा नंबर खरा आहे. फुटलेलाच तारा आहे. तुम्हा लोकांना आजवर सापडलेल्या सगळ्यांत लांबचा."

मी स्टुलावर बसले. "कधी आला फोन?"

"सकाळी."

"आणि मला उठवलं नाहीस?"

"तोही तेच म्हणत होता, उठवा, उठवा." आईने भोपळ्याची फोड उलटी केली. "मी म्हटलं, भूकंप झाला तर उठवीन. एवढ्यासाठी नाही."