इंजिनाचं घर

आबा, परवा शिरपूरच्या मोटारीत बसले, तर आपल्या घराच्या पडक्या भिंती दिसताच ड्रायव्हर ओरडला, "इंजिन! इंजिनवाले उतरा!" त्या जागेला आता नावच ते पडलंय. मला तिथंच उतरायचं होतं, पण तिकीट पुढच्या गावाचं काढलं होतं. 'इंजिन' म्हणून तिकीट मागवत नाही, म्हणून नेहमी तेच काढते आणि उन्हातून मागे चालत येते.

तुम्ही धुळ्याच्या स्टेशनवर फिटर होतात. इंजिनाचं वेड डोक्यात शिरलं ते शिरलंच. शेतात घर बांधलंत तेही इंजिनासारखं: पुढे गोल तोंड, वर चुलीचा धूर सोडणारं धुराडं, मागे शिडी आणि एकच अरुंद दार. आई म्हणाली, "घरले घर ऱ्हाऊ द्या." तुम्ही हसलात, "बठ्ठं गाव धाबाखाले झोपस, तू इंजिनमा झोप!" पण धाब्याची माती सपाट छपरावरच बसते, आपल्या गोल छपरावर ती काही टिकेना, म्हणून तुम्ही फळ्यांवर गोणपाट ठोकून त्याला डांबर फासलंत. काळंभोर इंजिन! बाजारच्या दिवशी बैलगाड्या रस्त्यावर थांबत. तिथवर हाक पोचत नसे, म्हणून स्टेशनवर घंटेसाठी टांगतात तसा अंगणात रुळाचा तुकडा टांगलात. तुम्ही तो बडवलात की गाडीवाले ओरडत, "गाडी सुटनी रे!" आणि मी शेफारून जायचे.

त्या बाजारच्या दिवशी तुम्ही धुळ्याला गेला होतात. मी विहिरीवरून घागर घेऊन येतेय. धुराड्यापाशी डांबर पेटलंय, जळतं गोणपाट दारात कोसळलंय, धाकटा भाऊ आत पाळण्यात आहे आणि आई अंगणात जिवाच्या आकांताने रूळ बडवतेय. रस्त्यावर गाड्या थांबल्या. लोक टाळ्या वाजवताहेत. "आज ते बाई गाडी सोडी ऱ्हायनी!" ज्वाळा दिसल्या तेव्हा धावले बिचारे, पण तोवर पाळण्याच्या दोऱ्या जळून गेल्या होत्या.

तुम्ही तो रूळ विहिरीत टाकलात. आई तुमच्याशी पुन्हा बोलली नाही. ताट वाढून उठून जायची. तुम्ही गेलात तेव्हाही रडली नाही. मलाही तुमचा राग येतो, आबा, अजून येतो. आई आता थकलीय, आतल्या खोलीत निजलीय. कुणाच्या हातून भांडं पडलं तरी दचकून उठून बसते. हे तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की चुलीत घालणार आहे. तिच्यासमोर त्या घराचं नावही मी काढत नाही. पण परवा त्या भिंतीपाशी उभी होते, तेव्हा एक गाडीवाला थांबला. "हाई काय शे, अक्का?" मी म्हणाले, "आमनं घर शे." सांगताना माझी छाती फुगली होती, आबा.