लाल गाडीचा टप

हेमू,

मला शोधत फिरू नको. अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेला तुझ्या आईचा अस्थिकलश घेऊन मी नर्मदेवर ग्वारीघाटला चाललो. मोहनभैया स्टेशनवरून आला की तुम्ही दोघं बहीणभाऊ घाटावरच या. गुरुजींना मी थांबवून ठेवतो.

व्हरांड्यात एसीचा डबा आणि पाइप पडले आहेत, ते आपल्या जुन्या लाल स्पोर्ट्स गाडीतले. मीच खोलले. पत्र्याने बोट कापलं, फरशीवर रक्त दिसेल, घाबरू नको. सगळं भंगारवाल्याला देऊन टाक.

तू म्हणशील, काहून पण बाबा? डॉक्टरांनी तुझ्या आईला धूळ वर्ज्य केली म्हणून मी तो एसी बसवला होता. त्या दोन सीटांच्या गाडीत डब्याला जागा एकच होती, कापडी टप उघडला की मागे घडी होऊन बसतो तिथली. तेव्हापासून टप उघडलाच नाही. दवाखान्यात नेताना ती दर वेळी विचारायची, "आज उघडता का?" मी म्हणायचो, बरी झालीस की उघडू.

कलश तिच्या सीटवर तिच्याच शालीने बांधला आहे. टप उघडला. आता तिला धुळीचं पथ्य नाही.

बाबा