न पाहिलेल्या जहाजाचा नकाशा

३ नोव्हेंबर
गाईड काम सोडून गेला. समुद्रात बुडालेलं जहाज पाहुण्यांना दाखवायला आता माणूस पाहिजे. डायव्हिंग सेंटरच्या मालकीण मॅडम म्हणाल्या, बाहेरचा आणणार नाही, तुम्हा दोघांतलाच घेईन. दोघं म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरणारा मी आणि बोटीचं इंजिन बघणारा बोल्ट. बोल्ट माझा रूम पार्टनर. बिचारा.
घरी धाकटीला कळवून टाकलं, दादा गाईड झाला. परीक्षा १६ तारखेला आहे. तेरा दिवस आधी कळवलं, एवढंच.

४ नोव्हेंबर
जहाज अजून पाहिलेलं नाही, पण पाठ आहे. तीन वर्षं पाहुणे वर येतात, माझ्यासमोर सूट काढतात आणि बडबडतात. त्यावरून खोलीच्या भिंतीवर मार्करनं नकाशा काढला. जिना, बॉयलर, त्यावरची पोवळी, पोपटमाशांचा थवा. कोठाराच्या दारात बसणारा म्हशीएवढा मासा, त्याला सगळे हेडमास्तर म्हणतात.
बोल्ट म्हणाला, सातवीत एवढं लक्ष दिलं असतंस तर? जळतो.

७ नोव्हेंबर
टाकीत सराव. तीन मीटरवर कान फुटायची वेळ. बोल्ट म्हणाला, नाक दाबून फुंक, कान मोकळे होतात. म्हटलं, मला शिकवू नकोस. उद्यापासून रोज सराव.

८ नोव्हेंबर
आराम. कानांनाही विश्रांती लागते.

११ नोव्हेंबर
सकाळी बोल्टचे केस ओले. हल्ली रोजच असतात. म्हणतो, अंघोळ केली. इतका स्वच्छ कधीपासून झाला?
नकाशाची नक्कल मागितली. दिली. मन मोठं पाहिजे. हातावर हात मारून ठरवलं, कुणी कुणाच्या पाठीमागे काही करायचं नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ७
आज परीक्षा. मॅडमना जहाज डोळे मिटून दाखवतो.

दुपारी २
सहा मीटरवरून परत आलो. पाणी खराब होतं. नाकातून रक्त आलं, तेही पाण्यामुळेच. बोल्ट मात्र पाऊण तास खाली. वर येऊन सगळ्यांदेखत म्हणतो, तुझा नकाशा उलटा आहे रे. बोटीचा दोर जहाजाच्या शेपटाला बांधलाय, पाहुणे तिथूनच उतरतात, तू त्यालाच तोंड समजलास. आणि जिना कुठला? सगळं गंजून डेक खाली बसलाय.
मॅडम हसल्या आणि बोल्टच्या वहीत सही केली. वही! डोकावलो. एकतीस वेळा उतरलाय. मार्चपासून. पहाटे, मॅडमबरोबर.
गाईड बोल्ट.

१७ नोव्हेंबर
बोल्टशी बोलणं बंद. म्हणाला, सांगणार होतो, पण तू इतका खुशीत होतास की जीभ रेटेना. हे काय कारण झालं? एप्रिलमध्ये मला ताप होता. यानंच कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मला झोप लागली की उठून पाण्यात जात असणार.
नोकरी सोडणार. नक्की.

१८ नोव्हेंबर
हंगाम संपल्यावर सोडणार.

२२ नोव्हेंबर
बोल्टची पहिली तुकडी. गाईडच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून बघायचं काम माझं. हात जरा थांबला. मग पूर्ण उघडला, दोनदा तपासला. माणूस दगाबाज असला तरी हवा माझी आहे.
पाऊण तासानं सगळे वर आले, नुसता कलकलाट. एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही पाहिलं असेल ना हो जहाज?
म्हटलं, हल्ली वेळ कुठे मिळतो.
बोल्टनं ऐकलं. मान खाली घालून पायातले पोहायचे फिन सोडवत राहिला.
गद्दार.