पंखाखालची सावली

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लोहा, ता. कंधार, जि. नांदेड
दि. ४ सप्टेंबर १९८२

तीर्थस्वरूप गुरुबसप्पा काकांच्या चरणी,
बालके महानंदाचे शि. सा. नमस्कार वि. वि.

पाकिटावर पहिल्यांदाच ‘जिल्हा लातूर’ लिहिलं. आमचे पोस्टमास्तर म्हणाले की महिनाभर कंसात उस्मानाबादही लिहीत जा, नाहीतर पत्र दोन्ही जिल्ह्यांत हिंडत बसेल. पंधरा ऑगस्टला नव्या जिल्ह्याच्या झेंड्यापुढं तुम्ही लढाईतली पदकं लावून उभे होतात, ही खबर निलंग्याहून आलेल्या बांगडीवालीनं आणली. मिशा अजून वर वळलेल्या आहेत की खाली उतरल्या, तेवढं तिला नीट सांगता आलं नाही.

इकडे मृगात एकदा भुरभुर झाली ती झालीच. मूग गेला, ज्वारी गुडघ्याशीच निसवली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांमागं रोजगार हमीच्या खडीवर गेली आहेत. आई ठीक आहे. सोमवारचा निरंकार उपास या वयातही सोडत नाही. अप्पा जिथं असतील तिथं सुखी राहोत म्हणून धरलेला उपास, त्याला बेचाळीस वर्षं झाली.

काका, एक काम आहे. इथं ग्रामपंचायतीची नवी इमारत होते आहे. तिच्या दारात मोठ्या लढाईला गेलेल्या गावच्या माणसांची नावं दगडावर कोरायची ठरली. चौघे गेले होते. तीन नावं दिली गेली. अप्पांचं नाव सरपंच शेषेराव घ्यायला तयार नाहीत. फौजेच्या कागदावर ‘मडिवाळप्पा, मोटार ड्रायव्हर, फरारी’ असं आहे म्हणतात. तुम्ही दोघं एकाच गाडीवर होतात. जे झालं ते दोन ओळीत लिहून पाठवाल का? मी शेषेरावांना दाखवीन.

सौ. काकूंना माझा शरणार्थी नमस्कार सांगावा. तुमच्या मायेत मला जागा असू द्यावी.

आपली,
महानंदा

—

निलंगा, जि. लातूर
दि. २० सप्टेंबर १९८२

चि. सौ. महानंदा हिस,
गुरुबसप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फक्त लातूर एवढ्याच पत्त्यावर नीट पोचलं, पोस्टमास्तरांना कळव. मिशा खाली उतरल्या आहेत. विहिरी आटल्या, त्यामुळं माझ्याकडं दुरुस्तीला इंजिनं येत नाहीत. दुकान उघडतो, पाना पुसतो, पुन्हा पेटीत ठेवतो.

दगडाबद्दल काय लिहू? वाळूचं वादळ होतं. गाडी वाट चुकली. मडिवाळप्पा वाट बघायला खाली उतरला तो परत आला नाही. हेच मी तेव्हा सुभेदारसाहेबांना सांगितलं. तो पळणारा माणूस नव्हता, असं शेषेरावांना माझ्या दस्तखतानं खुशाल दाखव. याउपर पोरी, जुनी माती उकरून कोणाला सुख लागत नाही. तुझ्या आईला, नीलम्मावहिनींना, यातलं काही वाचून दाखवू नकोस.

तब्येत सांभाळ. आठवण ठेवत जा.

तुझा,
गुरुबसप्पा काका

—

लोहा
दि. १९ ऑक्टोबर १९८२

तीर्थस्वरूप काकांस,
महानंदाचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी शेषेरावांनी वाचली आणि परत दिली. मित्र मित्राबद्दल असंच लिहिणार, म्हणाले.

काका, मी शाळामास्तरीण आहे. पोरांच्या दोन वह्यांतलं उत्तर वेगळं आलं की मला दिसतं. तुम्ही लिहिता की अप्पा वाट बघायला उतरले. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर तुम्ही आमच्याकडं आला होतात, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते, दारामागं उभी होते. तेव्हा तुम्ही आईला सांगितलं की गाडी बंद पडली, तिच्याजवळ अप्पांना बसवून तुम्ही मदत आणायला गेलात. यातलं खरं कुठलं?

मी विचारलं नसतं. पण मागच्या आठवड्यात टँकरच्या रांगेत भांडण झालं आणि एका बाईनं आईला ‘पळपुट्याची बायको’ म्हटलं. आई रिकामी घागर घेऊन परत आली. मला हळूच म्हणाली की पळाला असला तरी बरंच, जिवंत तर असेल. काका, हे ऐकून मला त्या बाईपेक्षा तुमचा राग आला. का आला ते मला सांगता येत नाही.

आईला काय कळावं आणि काय नाही ते मी बघीन. मला मात्र सगळं लिहा.

महानंदा

—

निलंगा
दि. २१ नोव्हेंबर १९८२

चि. महानंदा हिस,
आशीर्वाद लिहायचा हक्क मला आहे का, ते पत्र वाचून तू ठरव.

तुझा बाप मेला. एक्केचाळीस सालच्या जानेवारीत, लिबियाच्या हद्दीवर, माझ्या डोळ्यांपुढं. मी सांगितलेली दोन्ही उत्तरं खोटी होती.

आमची डिव्हिजन सुदानकडं गेली तेव्हा काही गाड्या तिथंच पुढच्या फौजेला पाणी आणि पेट्रोल पोचवायला ठेवल्या. आमची त्यात होती. वादळात आम्ही ताफ्यापासून तुटलो हे खरं. पण सकाळी हवा साफ झाली, लांबवर आपल्या गाड्यांची धूळ दिसत होती. वाट सापडली होती, पोरी. आणि त्याच वेळी उजव्या हाताला मला इटलीवाल्यांचं सोडून दिलेलं विमानतळ दिसलं.

आठ-दहा विमानं ओळीनं उभी होती. टोकदार नाक, दोन इंजिनं, मागं दोन शेपट्या. माणूस एकही नाही. शत्रूच्या विमानाला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. मडिवाळप्पा म्हणाला की चल, ताफा गाठू. मला यंत्रांचं वेड, तुला माहीत आहे. मी म्हणालो, दहा मिनिटं थांब, एवढं इंजिन बघून घेतो. तो हसला. तुझी दहा मिनिटं म्हणजे दुपार, असं म्हणाला आणि एका विमानाच्या पंखाखाली सावली बघून बिस्किटं खात बसला.

मी ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. झाकण उघडलं तर आत इंजिनाचा निम्मा माल काढून नेलेला. दुसरं उघडलं, तेही तसंच. ही काय भानगड, म्हणून मी हाक मारणार, तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. आपलंच होतं, इंग्रजांचं. मी हातरुमाल हलवला. त्यानं वरून फक्त ओळीत उभी शत्रूची विमानं बघितली असणार. दोन बाँब टाकले आणि गेला. मला खरचटलंही नाही. ज्या पंखाखाली तुझा बाप बसला होता, तो पंख राहिला नव्हता.

त्याला मी तिथंच माती दिली. दुपारी ताफा गाठला. हुकूम मोडून विमानं बघायला गेलो हे सांगितलं असतं तर कोर्टमार्शल होतं. सुभेदारसाहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं: वाट बघायला उतरला, परत आला नाही. त्यांनी माणसं पाठवली, मी त्यांना भलतीच दिशा दाखवली. आधी ‘बेपत्ता’ लिहिलं गेलं, पुढं कधीतरी ‘फरारी’. तो शब्द फौजेनं लिहिला, पण लिहायला मी लावला.

आता त्या विमानाचं ऐक. बेचाळीस साली मला परत हिंदुस्थानात पाठवलं, भोपाळजवळ इटालियन कैद्यांच्या छावणीवर. तिथं एक कैदी मिस्त्री होता. मोडक्या उर्दूत बोलायचा. मी मातीत बोटानं विमान काढलं तर त्यानं लगेच ओळखलं. ब्रेडा अठ्ठ्याऐंशी, म्हणाला. लाडाचं नाव लिंचे, म्हणजे रानमांजरासारखं जनावर. सदतीस साली या विमानाच्या पहिल्या नमुन्यानं वेगाचे जागतिक विक्रम केले होते, त्याच्या देशात वर्तमानपत्रं भरून गेली होती. मग त्यावर तोफा चढवल्या, बाँब चढवले, लढाईचं सगळं सामान चढवलं आणि ते इतकं जड झालं की धड उडेना. लिबियात वाळू आत जाऊ नये म्हणून इंजिनांना जाळ्या बसवल्या तर इंजिनं तापून दम सोडू लागली. एकदा तीन विमानं हल्ल्याला निघाली. एक जमीनच सोडेना. दुसरं उडालं पण वळेना, सरळ जाऊन पुढच्या तळावर उतरलं. दोन-तीन महिन्यांत साहेबांनी हुकूम दिला की कामाचा माल काढून घ्या आणि सांगाडे धावपट्टीच्या कडेला नीट ओळीत उभे करा. इंग्रज त्यांनाच खरं समजून बाँब वाया घालवतील. ते सामान या मिस्त्रीनंच काढलं होतं. आपल्या हातानं बांधलेलं उकलताना रडलो, म्हणाला. मग हसला आणि म्हणाला की ते निकामी विमान शेवटी आमिष म्हणूनही कोणाच्या उपयोगी पडलं नाही.

एकदा पडलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. तुला आठवते त्या खेपेच्या आधी, सेहेचाळीस साली, मी तुमच्या दारात पहिल्यांदा आलो तो हेच सांगायला. नीलम्मावहिनी बाहेर आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कडेवर तू नव्हतीस, पण मागून पदर धरून उभी होतीस. त्यांनी विचारलं की भाऊ, कधी येतो म्हणले? मी पाणी प्यालो आणि निघालो. ते कुंकू पुसणारा हात माझा नको, असं मनाला सांगत आलो. खरं म्हणजे मला माझीच भीती होती.

गुरुबसप्पा

—

लोहा
दि. १७ जानेवारी १९८३

श्री. गुरुबसप्पा यांस,

‘काका’ लिहायला हात उचलला नाही. दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण तुमचं पत्र मी शाळेच्या कपाटात ठेवलं होतं आणि घरी जाताना रोज ठरवत होते की उद्या सांगू. तुमच्यावर चिडले होते, आणि तेच मीही करते आहे, हे संक्रांतीच्या दिवशी लक्षात आलं. आई सुगडाला कुंकू लावत होती.

परवा सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं. ती म्हणाली की परत वाच. पुन्हा वाचलं. सूप खाली ठेवलं नाही तिनं, खडे काढत राहिली. रडली नाही. कुंकवाची डबी मात्र झाकण लावून फळीवर ठेवली. आज सोमवार. सकाळी उठून तिनं माझ्याकडं भाकरी मागितली. त्या भाकरीचा एकेक घास ती खात होती आणि मला चुलीपुढून उठवेना.

तिनं एकच विचारायला सांगितलं आहे. तुम्ही लिहिता की माती दिली. कशी दिली? आडवा टाकला की आपल्या रीतीप्रमाणं बसवला? गळ्यातल्या लिंगाचं काय केलं?

खरं लिहा. बरं वाटेल असं लिहू नका.

महानंदा

—

निलंगा
दि. २४ जानेवारी १९८३

चि. महानंदा,

वहिनींना सांग, बसवला. विमानाचा एक पत्रा निखळून पडला होता, त्यानं खड्डा केला. वाळू कोरडी, जेवढी काढावी तेवढी आत घसरे. कमरेइतकाच खोल झाला. डाव्या तळव्यावर लिंग ठेवून बोटं मिटली. माझ्या पुरचुंडीत विभूती होती, ती कपाळाला लावली. मला मंत्र येत नव्हते. ‘ॐ नमः शिवाय’ येत होतं, तेवढंच म्हणत वाळू लोटली. खूण म्हणून काही ठेवलं नाही, कारण खूण दिसली असती तर मी सापडलो असतो. हेही सांग.

सोबत दोन कागद आहेत. एक शेषेरावांना, एक फौजेच्या दप्तराला. सगळं लिहून खाली दस्तखत केलं आहे. इथल्या माजी सैनिकांच्या बैठकीतही उभं राहून सांगितलं. एकानं चहा पुढं केला, बाकीचे उठून गेले. माझी तक्रार नाही. वहिनींनी बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर तेही रास्त.

गुरुबसप्पा

—

लोहा
दि. ११ मार्च १९८३

गुरुबसप्पाभाऊंस नीलम्माचा शरणार्थी.

मी सांगून राहिले, महानंदा लिहून राहिली. मी बोलले तसंच लिही म्हणून तिला शपथ घातली हाय.

तुमचा कागद शेषेरावांनी पंचायतीत वाचून दाखवला. मंग चौथं नाव घ्यायचं ठरलं. पण पाण्यापायी बांधकामच बंद हाय, दगड तसाच पडून हाय. पडू द्या. ज्या बाईनं मला बोल लावला ती काल माझी घागर भरून घरी आणून ठेवून गेली. जंगमाला बोलवून त्याच्या नावानं पाच घरच्या माणसांना जेवू घातलं. टँकरचं पाणी, खारट आमटी, पर समदे जेवले.

तुम्हाला माफ केलं आसं मी म्हणणार न्हाई. म्या लई वरसं वाट बघितली. दारात कुणी बी आलं तरी पदर सारखा करून उठले. ते दिवस तुम्ही घेतले, ते देता येत न्हाईत. येऊ नका. तुम्हाला बघितलं तर माझ्या तोंडून काय जाईल ते मला ठावं न्हाई.

पर एक देता येतंय. लगीन झाल्यापासून त्यो माझ्या वाट्याला समदे मिळून सात महिने आला. तुमच्या वाट्याला अडीच वरसं. त्यो कसा बोलायचा ते बी मी इसरले, भाऊ. डोळे मिटले तर नुसती पाठ दिसती, गाडीकडं चाललेली. तुमच्यापाशी जे हाय ते मला लिहून धाडा. काय खायचा, कुणाशी भांडायचा, कशावर हसायचा. बारीक आसलं तरी लिहा. महानंदा वाचंल.

पैलं हे लिहा. पोरगी झाली म्हणून म्या मास्तराकडून चिठ्ठी लिहून धाडली हुती. ती त्याला पावली का?

नीलम्मा
(हस्ते महानंदा)

—

निलंगा
दि. १५ मार्च १९८३

ती. नीलम्मावहिनींस,
गुरुबसप्पाचे शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी पावली. चाळीसच्या डिसेंबरात, टपालाच्या गाडीतून. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून गाडीच्या पायरीवर बसून मी वाचली. पोरगी झाली, दोघी सुखरूप, नाव महानंदा ठेवलं. तो म्हणाला, परत वाच. मी चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचायला लागलो तर म्हणाला की राहू दे, पाठ झाली.

मग मला म्हणाला, ते नाव कसं लिहितात ते दाखव. मी वाळूत बोटानं लिहून दिलं. त्यानं बघून बघून खाली गिरवलं. काना विसरायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. त्या दिवशी गाडी निघेपर्यंत तो वाकून तेच करत होता. दुसऱ्या दिवशी ताफा जिथं थांबला तिथं न बघता लिहिलं आणि मला हाक मारली. मी बघितलं. चारही अक्षरं बरोबर होती.

पुढचं पत्र पुढच्या आठवड्यात टाकतो. मी आहे तोवर टाकत राहीन.

आपला अपराधी,
गुरुबसप्पा