क्षिप्राला घेऊनच ये

प्रिय देविका,

काल तनया म्हणाली, मावशीचा फोन होता, लग्नाला एकटे उन्मेषकाका येतील, मावशी क्षिप्राला घेऊन पानिपतलाच थांबणार. हे मला बिल्कुल चालणार नाही. तनयाचं, माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न, आणि सख्खी बहीण नाही, भाची नाही, मग मी काय नुसती केटररशी भांडत बसू? तिघांनी यायचं. फोनच करणार होते, पण फोनवर मी तुला बोलू देत नाही, तू रडायला लागतेस, मग मी चिडते. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, चुका काढू नकोस.

आधी हॉलचं ऐक. नोएडातच आहे, आमच्या सेक्टरच्या मागे. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मी तुमच्यासाठी धरली आहे, किल्ली तुझ्याकडेच राहील. तिथला पंखा करकर करत होता, मॅनेजरच्या मागे लागून बदलून घेतला. तनयाला हॉलचे, जिन्याचे, खोलीचे, बाथरूमचेसुद्धा फोटो काढायला लावले आहेत. ते क्षिप्राला रोज दाखव, म्हणजे जागा तिच्या ओळखीची होईल. किती वाजता काय होणार तेही तनयाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. व्याही गाझियाबादचे, पंजाबी माणसं, त्यांना ढोल हवाच. मी सरळ सांगितलं, गेटच्या बाहेर हवा तेवढा बजाओ, आत नाही, डीजे संध्याकाळी. विहीणबाई म्हणाल्या, चलो, ठीक है. बाई बरी आहे. कटकट केली ती आमच्या मोठ्या जाऊबाईंनी. एका पोरीसाठी एवढे लाड कशाला म्हणे. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यांसाठी जेवणात उंच खुर्ची ठेवलीय, ते लाड नाहीत का?

तुला वाटेल ताईला हे कुणी शिकवलं. डॉक्टरांनी क्षिप्राला ऑटिझम आहे म्हटलं तेव्हा, कसलं काय, पोर लाडावलीय, असं म्हणणारी मीच. तर दोन वर्षं झाली, मी इथल्या शाळेत मौसी आहे, म्हणजे मुलांना वर्गात नेणं-आणणं, डबे, बाथरूम. तिसरीत गुरनूर म्हणून एक मुलगी आहे, आपल्या क्षिप्रासारखीच. घंटा झाली की कान दाबून बाकाखाली जायची. घंटा वाजवणारी मीच. अक्षया मॅडम अशा मुलांना शिकवतात, वयाने तनयाएवढ्या. त्या म्हणाल्या, मौसी, वाजवायच्या आधी तिला सांगून या. मी मनात म्हटलं, आता घंटेची वर्दी द्यायची? पण गेले. पाच मिनिटं आधी जाऊन पाच बोटं दाखवायची, बस. महिन्याभरात पोर बाकाखाली जायची थांबली. आता घंटा झाली की माझ्याकडे बघून मान हलवते, जशी काही तिच्याच परवानगीने वाजली.

तिच्या डब्यात रोज कोरडा पराठा आणि काकडी. एक दिवस मी माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी तिच्या पराठ्यावर वाढायला गेले, तर अक्षया मॅडमनी माझा हात धरला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, मौसी, ती जेवते आहे, तिला जेवू द्या. एवढंच. मी डबा उचलून भांड्यांच्या खोलीत जाऊन बसले. आपल्याकडे पान कोरडं दिसलं की वाढायचं, नको म्हटलं की आणखी वाढायचं. आईने तेच शिकवलं. त्याला मी माया समजत होते.

देविका, आमच्या वास्तुशांतीला चार वर्षं झाली. त्या दिवसापासून तू क्षिप्राला कुठे नेलं नाहीस. ना गणपतीला, ना कुणाच्या बारशाला. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तू मला म्हणालीस, ताई, माणसांची गर्दी तिला सोसत नाही, तुझ्या वास्तुशांतीला बघितलंस ना. मी हो म्हटलं. त्या ‘हो’साठी हे पत्र आहे. वास्तुशांतीच्या दिवशी तू हात धुवायला गेली होतीस. क्षिप्रा दोन तास त्याच गर्दीत होती, तुझ्या ओढणीच्या गोंड्यांशी खेळत, आणि मग कोरडी पोळी आणि काकडी शांतपणे खात होती. सासरची माणसं बघत होती. मला लाज वाटली, माझ्या नव्या घरात माझी भाची कोरडं खाते. मी तिचा जबडा धरला आणि श्रीखंडाचा चमचा तोंडात कोंबला. म्हणून ती किंचाळली, म्हणून ताट उडालं, म्हणून ती मला चावली. तू धावत आलीस तर मी म्हटलं, काही नाही गं, गर्दीला घाबरली, आपोआप बिथरली. आणि तू सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितलीस. मी उभी राहून बघत होते. पोरीला गर्दीने काही केलं नव्हतं, मी केलं होतं. आता यायचं की नाही ते तू ठरव, पण खरं ऐकून ठरव. आणि हे पत्र क्षिप्राला वाचून दाखव. तिला सगळं माहीतच आहे, तिला कुणी विचारलं नाही एवढंच. मावशीने कबूल केलं, हे तिच्या कानावर जाऊ दे.

तुझीच, आणि तिचीही अपराधी,
साधनाताई